केराटोकोनस, मुलांमधील

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे स्वच्छमंडलाचा (बोलीत बुबुळाचा), विकार. निरोगी स्वच्छमंडल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याला बळकटी देणारे कोलॅजेनचे तंतू कमजोर झाले की ते पातळ होते आणि डोळ्यातील दाबामुळे शंकूसारखे पुढे येते. जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज वैद्याने १८५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

विकार बहुधा वयात येताना सुरू होतो. मुलांमध्ये तो प्रौढांपेक्षा झपाट्याने वाढतो आणि अनेकदा उशिरा उघडकीस येतो. एका डोळ्याने बरे दिसत असेल, तर मूल त्यावरच भागवते आणि तक्रार करत नाही. अक्षरांना सावली दिसते, दिव्यांचा प्रकाश फाकतो, लघुदृष्टी आणि सिलिंड्रिकल नंबर वाढत जातात. वरचेवर चष्मा बदलूनही फळ्यावरचे स्पष्ट दिसत नसेल, तर पुन्हा नुसता नंबर काढून भागत नाही. कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे स्वच्छमंडलाच्या वक्रतेचा नकाशा, काढायलाच हवा. साध्या तपासणीत न दिसणारा आरंभीचा उंचवटा त्यात कळतो.

डोळे चोळण्याची सवय या विकाराशी निगडित आहे. उष्ण, कोरड्या हवेच्या प्रदेशांत मुलांना, विशेषतः मुलग्यांना, डोळ्यांची व्हर्नल ॲलर्जी अधिक होते आणि खाज असह्य असते. ‘चोळू नकोस’ म्हणून रागावल्याने ती थांबत नाही. ॲलर्जीवर उपचार करावे लागतात. मात्र स्टेरॉइडचे थेंब परस्पर घालत राहिल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही केराटोकोनसचे प्रमाण जास्त आहे, आणि आपल्याला कमी दिसते हे त्यांतील अनेकांना सांगता येत नाही.

विकाराची वाढ रोखणारा मुख्य उपचार म्हणजे कॉर्नियल क्रॉस-लिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या पद्धतीचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालून स्वच्छमंडलावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात. मूळ पद्धतीत किरणांचा टप्पा ३० मिनिटांचा असतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या ६० रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरालिंक चाचणीत १८ महिन्यांनंतर विकार वाढल्याचे प्रमाण उपचार केलेल्या गटात ७ टक्के, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ४३ टक्के आढळले. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘वर्षभर वाट पाहू’ हा सल्ला धोक्याचा आहे.

गेलेली नजर क्रॉस-लिंकिंगने सहसा परत येत नाही, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. दृष्टीसाठी चष्मा, तो अपुरा पडल्यास कडक किंवा स्क्लेरल कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. स्वच्छमंडलावर दाट व्रण उरला, किंवा लेन्स बसेनाशी झाली, तरच प्रत्यारोपणाचा विचार होतो. मुलांमध्ये टाके सैल होणे, शरीराने कलम नाकारणे हे धोके मोठे असतात. क्रॉस-लिंकिंगनंतरही काही मुलांत विकार पुन्हा वाढतो, म्हणून टोपोग्राफी ठरावीक काळाने अनेक वर्षे करत राहावी लागते.