‘लॉयल्टी’ बोटीची हकीकत

लवळ्याहून समुद्र दिसत नाहीं. मुळशीच्या डोंगरांत वाढलेल्या मुलांना भूगोल शिकवितांना मला बोट फळ्यावर काढून दाखवावी लागे. तरीहि आज श्रोत्यांपुढें मी एका बोटीचीच हकीकत सांगणार आहें. कारण तिचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोहोंचतो.

इंग्लंडांतील बॅरो येथें बांधलेली ही आगबोट १८९१ सालीं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नांवानें प्रवासास निघाली. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. हाँगकाँग ते व्हँकुव्हर या मार्गावर उतारू, टपाल, चहा आणि रेशीम तिनें तेवीस वर्षें वाहिलें. रेशमासारख्या मोलाच्या मालाला विलंब परवडत नसे, म्हणून सोळा नॉट वेगाच्या या पांढऱ्या बोटीची मोठी मातब्बरी. १९०३ सालीं एका चिनी लढाऊ जहाजाशीं तिची टक्कर झाली. तें बुडालें, ही तरली.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि बोटीचा धनी बदलला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं ती विकत घेऊन हिंदी शिपायांसाठीं रुग्णनौका म्हणून दिली. हे शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडचे. जेथें रेशमाच्या गांठोड्या रचल्या जात, तीच बोट आतां जखमी माणसें वाहूं लागली. नवें नांव पडलें ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा!

युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९१९ सालीं ती घेतली. कंपनीचें नांव ठेवलें ‘सिंदिया’. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या बोटीचें नांव राजनिष्ठा, याचें मला आजहि हंसूं येतें.

परंतु अठ्ठावीस वर्षें हें बोटीचें उतारवयच. नफा मिळवून देणें तिला झेपलें नाहीं. १९२१ सालीं तिला बांधून ठेवलें व १९२३ सालीं मुंबईंत मोडीत काढलें. त्याच सालीं ब्रिटिश कंपनीशीं झालेल्या करारानें ‘सिंदिया’ला किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतें बांधून घातलें. हा करार मानला, तो शहाणपणा कीं माघार, यावर वाद होऊं शकेल. मला तर कंपनी जगली हेंच मोठें वाटतें.

१९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. माझ्या वर्गांत मात्र तो कधीं पाळला गेला नाहीं.