पेट्रोलमधलं शिसं कोणी मोजलं?

'अनलेडेड' पेट्रोल हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. त्याचा अर्थ, शिसं न घातलेलं पेट्रोल. म्हणजे पूर्वी ते घालत होते! का घालत होते आणि बंद व्हायला इतकी वर्षं का लागली, ते आज ऐकू या.

1921 साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीतल्या थॉमस मिजली यांना आढळलं, की शिशाचं एक रसायन पेट्रोलमध्ये थोडंसं मिसळलं की इंजिनाची खडखड थांबते. 1923 मध्ये ते पेट्रोल विक्रीला आलं. नाव ठेवलं 'इथिल'. त्यात शिशाचा उल्लेखच नव्हता. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले.

1925 मध्ये सरकारनं बैठक बोलावली. तिथं डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन बोलल्या. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शिशानं आजारी पडलेल्या कामगारांची माहिती त्यांनी कारखान्यांत आणि घरोघरी फिरून गोळा केली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: कारखान्यात काळजी घ्याल, पण साऱ्या देशावर कसं लक्ष ठेवाल? पण सरकारी समितीनं काही महिन्यांच्या तपासणीवरून बंदीचं कारण नाही असं ठरवलं, आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

नंतर कित्येक वर्षं या विषयावर शब्द चालला तो डॉ. रॉबर्ट केहो यांचा. त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा मिळे तो याच कंपन्यांकडून. ते म्हणत, मेक्सिकोतल्या आडगावच्या माणसांच्या अंगातही शिसं सापडतं, म्हणजे ते नैसर्गिकच आहे.

हे खोडून काढलं क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानं. पृथ्वीचं वय काढण्यासाठी ते दगडांतलं शिसं मोजत होते, पण आकडे जुळेनात. हवेतली धूळ, काचेची भांडी, माणसांचे कपडे, सगळ्यांतून शिसं नमुन्यात येत होतं. त्यांनी प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ केली, तेव्हा मोजमाप खरं आलं. मग समुद्राचं पाणी आणि ग्रीनलंडचा जुना बर्फ तपासला. जुन्या थरांत शिसं अगदी कमी, नव्यांत खूप जास्त. 1965 मध्ये त्यांनी लिहिलं, की सगळीकडे सापडणारं हे शिसं माणसानंच पसरवलं आहे.

इंधनातलं शिसं मोजतात कसं? चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते. तो मिठातल्या सोडियम धातूचा रंग. प्रत्येक धातूचा प्रकाश असा वेगळा. 1950च्या दशकात ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी याच गुणावर एक पद्धत बसवली. नमुना पातळ करून ज्योतीत फवारायचा आणि त्यातून शिशाच्या रंगाचा प्रकाश सोडायचा. जितका प्रकाश गिळला जाईल, तितकं शिसं जास्त.

अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं कमी होऊ लागलं, तसं 1976 ते 1980 या काळात लोकांच्या रक्तातलं शिसंही सुमारे 37 टक्क्यांनी घटलं. बायांनो, हा आकडा लेकरांसाठी मोलाचा. शिसं मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. शिकणं, लक्ष देणं अवघड करतं. पोटातल्या बाळालाही ते आईच्या रक्तातून पोचतं.

आपल्याकडे 1995 मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत शिसंविरहित पेट्रोल आलं. 2000 साली ते देशभर झालं. जगात शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियानं गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल थांबवलं.

डॉ. हॅमिल्टन यांनी धोका सांगितला तेव्हापासून 96 वर्षं! म्हणून फवारणीचं औषध असो की कारखान्याचं सांडपाणी, कुणी 'थोड्यानं काही होत नाही' म्हणालं, तर गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. मोजलं का? कोणी मोजलं? आणि मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले?