एकाच मेंदूचे दोन स्कॅन म्हणजे दोन माणसं नव्हेत: वारंवार मोजणीचं गणित कसं मांडतात?

अकलूज परिसरात ऊसतोड जवळ आली की ब्रिक्स पुन्हा पुन्हा तपासला जातो. समजा, तीन शेतांचा ब्रिक्स आधी १५, १८, २१ होता आणि काही आठवड्यांनी १७, २०, २३ झाला. शेताशेतांतला फरक मोठा, पण प्रत्येक शेतातली वाढ २ ची. कुठला आकडा कुठल्या शेताचा हेच विसरलो, तर ही वाढ त्या मोठ्या फरकात हरवून जाते.

मेंदूच्या एमआरआय अभ्यासातही हाच पेच असतो. पक्षाघातानंतर दिलेल्या व्यायामाने मेंदूच्या कामात बदल होतो का, हे पाहायला त्याच रुग्णांचे स्कॅन उपचाराआधी आणि नंतर घेतात. गणित चुकलं तर चांगला उपचार निरुपयोगी ठरू शकतो आणि निरुपयोगी उपचार चांगला.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

स्कॅनमध्ये मेंदू हजारो बारीक ठोकळ्यांत विभागलेला असतो. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलसाठी एकच समीकरण सोडवलं जातं. त्यासाठीचा तक्ता म्हणजे डिझाइन मॅट्रिक्स. त्यात प्रत्येक स्कॅनला एक ओळ आणि फरकाच्या प्रत्येक संभाव्य कारणाला एक स्तंभ असतो.

समजा, १२ रुग्ण आणि प्रत्येकी २ स्कॅन, म्हणजे २४ ओळी. प्रत्येक रुग्णाची मूळ पातळी वेगळी, म्हणून १२ स्तंभ रुग्णांचे. ‘आधी की नंतर’ याचा आणखी एक. २४ मधून १३ गेले, उरले ११. निष्कर्ष किती भक्कम, हे या उरलेल्या आकड्यावर ठरतं.

याहून सोपी वाटही आहे. प्रत्येक रुग्णाच्या ‘नंतर’मधून ‘आधी’ वजा करा आणि या १२ फरकांची सरासरी शून्यापेक्षा वेगळी आहे का ते तपासा. १२ वजा १, पुन्हा ११. उत्तर तेच येतं.

दोन गट असतील तर?

पक्षाघातानंतर काही सुधारणा आपोआपही होते. म्हणून व्यायाम न दिलेला दुसरा गट लागतो. ‘कोणत्या गटात बदल जास्त?’ असा प्रश्न असेल, तर प्रत्येकाचा फरक काढून दोन गटांची तुलना करतात.

‘एकूणात दोन गट वेगळे आहेत का?’ हा प्रश्न मात्र निराळा. इथे प्रत्येक रुग्णाच्या दोन स्कॅनची सरासरी घ्यावी लागते. २४ रुग्णांचे ४८ स्कॅन म्हणजे ४८ माणसं असं धरलं, तर पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो आणि नसलेला फरक ‘सापडू’ शकतो.

तीन-चार वेळा स्कॅन केले तर?

जवळच्या तारखांचे स्कॅन एकमेकांशी जास्त जुळतात, लांबच्या तारखांचे कमी. अशा वेळी मिक्स्ड मॉडेल वापरतात. एखादा रुग्ण एका फेरीला आला नाही, तरी त्याच्या बाकीच्या नोंदी यात उपयोगी पडतात. पण तब्येत बिघडलेलेच रुग्ण गळत असतील, तर केवळ मॉडेल बदलून ती उणीव भरून निघत नाही.

सुखात्मे यांचा मुद्दा

माणसामाणसांतला फरक वेगळा आणि एकाच माणसातला वेगळा, यावर महाराष्ट्रातही मोठा वाद झाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं होतं की, एकाच माणसाची उष्मांकांची गरजही वेळोवेळी बदलते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित धरू नये. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यांचा प्रतिवाद केला. उपाशी कोणाला म्हणायचं, हेच त्यात पणाला लागलं होतं.

बातमी वाचताना काय पाहाल?

‘मेंदूत बदल दिसला’ असं वाचलंत, तर तीन गोष्टी शोधा: माणसं किती होती (स्कॅन नव्हे), तुलनेला दुसरा गट होता का, आणि मध्येच किती जण गळाले.