मोजपट्टीचे भाषांतर

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी 30 प्रश्नांची एक कसोटी तयार केली. वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी, हा तिचा हेतू. 1908 मध्ये तिच्यातील प्रश्न वयानुसार लावले गेले. 1916 साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तिचे रूपांतर केले. त्यात सहा वर्षांच्या मुलाने चार अमेरिकी नाणी ओळखावीत, असा एक प्रश्न होता.

आता हाच प्रश्न मराठीत करून आपण ईटच्या शाळेतल्या मुलाला विचारला तर? त्याला उत्तर येणार नाही. पण दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, प्रश्नाचा आहे. नाणी बदलली तरी काम संपत नाही. बदललेला प्रश्न कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना सुटतो, हे इथल्या मुलांकडूनच पुन्हा तपासावे लागते.

हे चिकाटीचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी केले. 1934 मध्ये त्यांचा शोधनिबंध आणि 1940 मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

आज गिळण्याचा त्रास मोजणारी प्रश्नावली तुर्की भाषेत नेतानाही रीत हीच: भाषांतर, उलट भाषांतर, मग तिथल्या रुग्णांवर पडताळणी. चुकीची मोजपट्टी दवाखान्यात रुग्णाला धोक्यात टाकते. शाळेत ती मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारते. म्हणून गुणांचा आकडा वाचण्यापूर्वी आपण विचारू या, ही कसोटी कोणत्या मुलांवर तपासली होती?