जुन्या जावाच्या पोटातला इतिहास

जुनी मोटारसायकल विकत घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी घरीच खोलून ती पुन्हा चालती करायची, हा छंद असणारी माणसे आता गावोगाव भेटतात. बहुतेकांचे लक्ष आधी रंग, क्रोम आणि सीट यांकडे जाते. आम्ही तिघांनी मिळून म्हैसूरला तयार झालेली १९६०च्या दशकातली एक जावा २५० उघडली, तेव्हा आमचे कुतूहल मात्र इंजिनाविषयी होते. सुटे भाग चादरीवर मांडल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे त्यांची संख्या किती कमी आहे! सिलिंडरच्या हेडमध्ये प्लगखेरीज काहीच नाही. झडपा नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, त्या उघडणारा कॅमशाफ्टही नाही. हेड म्हणजे पंखे असलेले अ‍ॅल्युमिनियमचे एक साधे झाकण.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. हे इंजिन इतके साधे कसे झाले? आणि इतके साधे, स्वस्त, चार पान्यांनी खोलता येणारे इंजिन नव्या गाड्यांमधून नाहीसे का झाले? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. सिलिंडरच्या भिंतीत काही भोके आहेत, तिथे.

झडपा गेल्या कुठे?

शाळेच्या पुस्तकात आपण जे इंजिन शिकवतो ते निकोलाउस ओटो याने १८७६ साली जर्मनीत यशस्वी केलेले, चार धावांचे. पिस्टनची वरून खाली किंवा खालून वर एक फेरी म्हणजे एक धाव. पहिल्या धावेत इंधन-हवेचे मिश्रण आत येते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत पेटते आणि चौथीत जळका धूर बाहेर जातो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कामाची धाव एकच. उरलेल्या तीन धावांत पिस्टन जणू पंपाचे काम करीत असतो.

ही पंपाची कामे दुसऱ्या कोणावर सोपवली, तर प्रत्येक फेरीला एक कामाची धाव मिळेल, हा विचार स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लर्कने केला. ओटोचे पेटंट आड येत होते, हेही त्यामागचे एक कारण. १८८१ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या इंजिनात मिश्रण ढकलण्यासाठी शेजारी दुसरा सिलिंडर होता. म्हणजे धावा कमी झाल्या, पण यंत्र काही लहान झाले नाही.

पुढची युक्ती इंग्लंडमधील बाथ या गावच्या जोसेफ डे याची. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची, क्रँक फिरतो त्या पेटीतली हवा आपोआपच दाबली जाते. मग वेगळा पंप हवा कशाला? क्रँकची पेटी हाच पंप! डेचे पेटंट १८९१चे आहे. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक याने १८९२ साली उरलीसुरली झडपही काढून टाकली. सिलिंडरच्या भिंतीत तीन ठिकाणी भोके ठेवायची आणि वर-खाली जाणाऱ्या पिस्टननेच ती झाकायची व उघडायची. एकातून मिश्रण पेटीत येते, दुसऱ्यातून ते पेटीतून वर सिलिंडरमध्ये जाते, तिसऱ्यातून धूर बाहेर पडतो. आता हलणारे मुख्य भाग तीनच उरले : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

आमच्या जावामध्ये शंभरी उलटलेली ही कल्पना जशीच्या तशी दिसते, आणि दुरुस्ती करताना ती विसरून चालत नाही. चार धावांच्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील गेले, तर बहुधा खाली तेलाचे डाग पडतात. टू-स्ट्रोक इंजिनात सील गेले म्हणजे पंपच फुटला. रबर वर्षानुवर्षे पडून कडक होते, त्याच्या फटीतून हवा आत ओढली जाते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन जॅम होऊ शकतो. कार्ब्युरेटर दहा वेळा साफ करूनही न सुधारणारी गाडी कित्येकदा दोन सील बदलल्यावर सुरळीत चालते. पेटीचा पंप झाल्यामुळे तिच्यात तेल भरून ठेवण्याची सोयही गेली. म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुन्या जावाला ते साधारण वीस-पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग असे लागते. हे तेल क्रँकच्या बेअरिंगला भिजवून पेट्रोलबरोबर जळते. निळा धूर तो हाच.

चोपाउ, प्राग, म्हैसूर

कॉकच्या इंजिनात एक अडचण होती. नवे मिश्रण आत येते त्याच वेळी समोरच्या भोकातून धूर बाहेर जात असतो. नवे मिश्रण सरळ त्या दाराने निघून जाऊ नये म्हणून पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवत. मिश्रण त्याला आपटून वर वळे. पण हा उंचवटा भलताच तापे, आणि पिस्टनही जड होई.

१९२५च्या सुमारास जर्मन अभियंता अडोल्फ श्नुर्ले याने उंचवटा काढून टाकला. त्याने मिश्रणाची दारे धुराच्या दाराच्या दोन्ही बाजूंना, तिरकी ठेवली. दोन झोत सिलिंडरच्या मागच्या भिंतीकडे जाऊन एकमेकांना भेटतात, वर चढतात, हेडखाली वळतात आणि पुढे येताना धुराला बाहेर रेटतात. चोपाउ या गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने १९३२ साली मोटारसायकलींसाठी या पद्धतीचे हक्क घेतले. त्यांची १९३९ची आरटी १२५ ही छोटी गाडी युद्धानंतर जगभर गिरवली गेली. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेची १२५ सीसीची हार्ले आणि १९५५ सालची यामाहाची पहिली मोटारसायकल या तिघींचे मूळ तेच.

जावाचा जन्म शेजारच्या चेकोस्लोव्हाकियातला. शस्त्रनिर्माता फ्रांतिशेक यानेचेक याने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. जर्मन अंमलाखाली असताना तिथल्या अभियंत्यांनी गुपचूप आखलेली २५० सीसीची गाडी १९४६ साली लोकांसमोर आली. तिचीच पुढची पिढी भारतात पोचली. मुंबईची इराणी आणि कंपनी १९५०च्या दशकात जावा आयात करीत असे. आयातीवर निर्बंध आल्यावर म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तिथे गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले. ६५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ७५ मिलिमीटर धावणारा पिस्टन, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारायची दांडीच पुढे वळवून गियर बदलायची सोय! सिलिंडर उलटा धरून आत बोट फिरवले, तर श्नुर्लेची तिरकी दारे बोटाला कळतात.

कोनमापकाचा पुरावा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हेड काढलेल्या इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक लावा. पिस्टन अगदी तळाशी असताना शून्य धरा. क्रँक सावकाश फिरवून प्रत्येक दार केव्हा उघडते आणि केव्हा झाकले जाते त्याची नोंद करा. हा प्रयोग घरी करता येतो, आणि वर्गात तर तो अवश्य करावा.

समजा, खाली येताना पिस्टनने धुराचे दार तळाच्या ७० अंश आधी उघडले आणि मिश्रणाचे दार ५५ अंश आधी. हा क्रम असाच हवा. आधी धुराचा दाब उतरला पाहिजे, नाहीतर धूरच मिश्रणाच्या वाटेने खाली पेटीत शिरेल. आता पिस्टन वर निघाला. भोकांच्या कडा त्याच, पिस्टनची कड तीच. म्हणून मिश्रणाचे दार तळानंतर ५५ अंशांवर बंद होणार आणि धुराचे ७० अंशांवर. जे आधी उघडले ते नंतरच बंद होणार! मधल्या ११० अंशांत दोन्ही दारे उघडी असतात आणि काही मिश्रण धुराबरोबर निसटते. शेवटच्या १५ अंशांत तर मागून नवे मिश्रण येणे थांबलेले असते, पण वर चढणारा पिस्टन आतल्या मिश्रणाला उघड्या दाराकडे लोटत असतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात हे १५ अंश म्हणजे सेकंदाचा १२००वा भाग. पण ते दर फेरीला, न चुकता घडते.

झडप असती तर ती आपल्याला हव्या त्या वेळी बंद करता आली असती. झडप नाही म्हणून इंजिन साधे, आणि झडप नाही म्हणूनच ते गळके. घरी दुरुस्त करता येण्याचे कारण आणि त्याचा दोष, दोन्ही एकाच भोकात आहेत.

ही गळती कमी करण्याचा सर्वांत कल्पक प्रयत्न पुन्हा चोपाउलाच झाला. युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेलेला तो कारखाना आता एमझेड नावाने चाले. तिथल्या वाल्टर काडेनने १९५०च्या दशकात धुराच्या नळीला पुढे फुगीर आणि शेवटी निमुळता आकार दिला. नळीतून गेलेली दाबाची लाट निमुळत्या टोकावरून परत फिरते आणि अगदी वेळेवर दारापाशी येऊन निसटलेले मिश्रण आत ढकलते. डोळ्यांना न दिसणारी झडपच ती! १९६१ साली एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी सुझुकीने त्याच्यासह ५० सीसीचे विश्वविजेतेपद जिंकले. मात्र ही लाट ठरावीक वेगालाच वेळ साधते. गावातल्या रस्त्यावर कमी-जास्त वेगाने चालणाऱ्या गाडीला तिचा उपयोग थोडाच. तरी जुनी गाडी उभी करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की सायलेन्सरची लांबी आणि आतले पडदे हे इंजिनाचेच भाग आहेत. त्यांतला कार्बन जरूर काढावा, पण आवाजाच्या हौसेने पडदे काढू नयेत.

साधेपणाची किंमत

कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात साधारण १५ ते ४० टक्के इंधन न जळताच बाहेर जाऊ शकते. पेट्रोल स्वस्त आणि गाड्या थोड्या होत्या तोवर हा तोटा मालकाच्या खिशापुरता राहिला. रस्त्यावर लाखो टू-स्ट्रोक गाड्या आल्या, तेव्हा तो सगळ्यांच्या फुप्फुसांपर्यंत गेला. १९८५ साली हिरो होंडाची चार धावांची १०० सीसीची गाडी आली आणि एका लिटरमध्ये किती अंतर जाता येते हे ग्राहकांना दिसले. १९९१ साली वाहनांच्या धुराचे पहिले नियम लागू झाले, ते १९९६ आणि २००० साली आणखी कडक झाले. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याला इतरही कारणे होती, पण काळ या इंजिनाच्या बाजूचा राहिला नव्हता.

दोष दोन धावांच्या कल्पनेचा आहे काय? नाही. मोठ्या मालवाहू जहाजांची डिझेल इंजिने आजही दोन धावांचीच असतात आणि इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी कामी आणतात. तिथे धूर रेटायला नुसती हवा वापरतात. इंधन मागाहून, दारे बंद झाल्यावर फवारले जाते. दोष आहे तो इंधनालाच झाडूचे काम देण्यात.

आजचे पेट्रोल, जुनी टाकी

आज जुनी जावा चालती करणाऱ्यापुढे एक नवी अडचण आहे. भारतातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते सरासरी २० टक्क्यांपर्यंत पोचले. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते. म्हणून नळ्या आणि वॉशर नव्या प्रतीचे घ्यावेत. टू-स्ट्रोक इंजिनाला याहून मोठा धोका आहे. इथेनॉल पाणी धरते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहून टाकीत पुरेसे पाणी जमले, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. वंगणाचे तेल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. इंजिनाकडे जाणारा नळ टाकीच्या तळाशी असतो! म्हणजे बेअरिंगला तेलाशिवाय फिरावे लागते. शिक्षकांनी हे मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, स्वतःच्या हाताने करून दाखवावे. मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल घेऊन १० मिलिलिटर पाणी घाला, हलवा आणि थांबा. खालचा थर १० मिलिलिटरपेक्षा जितका जास्त, साधारण तितके इथेनॉल. अशी गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

मग ही गाडी चालवावी का? २०२१ सालच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खाजगी दुचाकींना वेगळी नोंदणी दिली आणि त्यांच्या रोजच्या वापराला परवानगी दिली नाही. आम्हाला हा तोल योग्य वाटतो. आमच्या जावाने महिन्यातून एकदा दहा किलोमीटर जावे, रोज कामावर जाऊ नये. पण तिच्याकडून एक मागणी मात्र उचलावी. स्वच्छ यंत्र म्हणजे कोणालाही न उघडता येणारे यंत्र, असे समीकरण निसर्गनियमाने घातलेले नाही. ज्या पिढीने झडपेवाचून इंजिन चालवून दाखवले तिच्यापुढे फुप्फुसांचा प्रश्न कोणी ठेवला नव्हता. आजच्या विद्यार्थ्यांपुढे दोन्ही प्रश्न एकदम ठेवता येतील.

त्यासाठी अख्खी मोटारसायकल लागत नाही. जवळच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एखादा झिजलेला टू-स्ट्रोक सिलिंडर आणि पिस्टन पडलेला असतोच. तो भंगाराच्या भावात मागून घ्या, रॉकेलने धुवा आणि मुलांच्या हाती द्या. पिस्टन वर-खाली करताना कोणते दार शेवटी बंद होते, ते त्यांनाच शोधू द्या.