आहार, औषध आणि आरोग्य : ‘कल्याणकारक’ ते उरुळीकांचन

जैन परंपरेत आहार हा केवळ उदरभरणाचा विषय कधीच नव्हता. बाह्य तपाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पहिले चार, म्हणजे अनशन, ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसत्याग, थेट भोजनाशी निगडित आहेत. या नियमांचा मूळ हेतू आत्मशुद्धीचा. परंतु शरीराच्या आरोग्याचा विचारही जैन आचार्यांनी शास्त्र म्हणून केला होता, याची जाणीव आज पुसट होत चालली आहे.

या विचाराचा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे आचार्य उग्रादित्य यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ. नवव्या शतकातील हा ग्रंथ राष्ट्रकूट काळातला. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मोठ्या भागावर त्या वेळी राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, ही त्यांची राजधानी होती. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत क्षीण रुग्णासाठी मांसरस सांगितलेला आहे. उग्रादित्यांनी मात्र मद्य, मांस व मध यांना वगळून चिकित्साशास्त्राची मांडणी केली. ग्रंथाच्या अखेरीस ‘हिताहित’ नावाचा अध्याय जोडलेला आहे. नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत, विद्वान आणि वैद्य यांच्या समक्ष, औषध म्हणून मांसाची आवश्यकता नाही हे त्यांनी प्रतिपादन केले, असे त्यावरून समजते. तेथे केवळ श्रद्धेचा आधार पुरेसा नव्हता. जाणकारांपुढे युक्तिवाद करावा लागला.

याच ग्रंथातील दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे. उग्रादित्य आपल्या पूर्वसूरींचा आदराने उल्लेख करतात : शालाक्यतंत्रासाठी पूज्यपाद, शल्यतंत्रासाठी पात्रस्वामी, विषचिकित्सेसाठी सिद्धसेन, कायचिकित्सेसाठी दशरथगुरू, बालरोगांसाठी मेघनाद. म्हणजे आहारसंयमाला सर्वोच्च स्थान देणाऱ्या याच परंपरेने शस्त्रक्रियेचा व औषधांचाही अभ्यास केला. पथ्याने सर्व काही बरे होते, असे तिने मानले नाही.

हा ग्रंथ पुढे दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिला. १९४० साली पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी त्याचे संपादन करून हिंदी अनुवादासह तो सोलापुरातून प्रकाशात आणला. महाराष्ट्रातील जैन समाजाने केलेली ही एक मोठी ज्ञानसेवा होय.

त्याच दशकात आहार आणि आरोग्य यांचा विचार पुणे जिल्ह्यात वेगळ्या वाटेने रुजत होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते व महात्मा गांधींचे तेथे वास्तव्य झाले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचन येथे गेले. माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि साधा आहार हीच तेथील उपचारांची साधने. गांधीजींचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला; मात्र मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर तेथे राहून निसर्गोपचार आश्रम वाढविला. पुण्यातील केंद्राच्या वास्तूत, ‘बापू भवना’त, १९८६ साली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली.

येथेही एक प्रसंग विसरता येत नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारावासात असताना गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केलेली शस्त्रक्रिया त्यांनी स्वीकारली. निसर्गोपचाराचा कट्टर पुरस्कर्ताही प्रसंगी शल्यचिकित्सेचा आधार घेतो, यातच समन्वित चिकित्सेचे मर्म आहे.

दिघ्यासारख्या परिसरात हा इतिहास आज विशेष उपयोगी पडतो. ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या या औद्योगिक पट्ट्यात पाळीची नोकरी, लोकलचा प्रवास आणि उशिराचे जेवण हे अनेक घरांचे वास्तव आहे. रात्री उशिरा जेवल्यास रक्तातील साखर अधिक वाढते, असे आधुनिक अभ्यासांतही दिसून आले आहे. त्या दृष्टीने सूर्यास्तापूर्वीचे भोजन, दोन घास कमी खाणे आणि ताजे, साधे अन्न या जुन्या सवयी तरुण पिढीने निव्वळ रूढी म्हणून टाकून देण्याजोग्या नाहीत. ज्यांना चौविहार रोज शक्य नाही, त्यांनाही डबा बरोबर नेऊन जेवणाची वेळ अलीकडे आणता येते. मात्र शाकाहार म्हणजे आपोआप आरोग्य नव्हे. तळलेले फरसाण आणि मिठाई शाकाहारीच असते, तरी रक्तदाब आणि मधुमेहाला ती मानवत नाही.

ज्येष्ठांनीही दुसरी बाजू ध्यानी घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने वैद्यांना न विचारता उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. पर्युषणातील तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा ठरवून घेणे, यात धर्माला कोणताही बाध येत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे मिळत नाही. दूध-दही कमी घेणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी आणि आवश्यक तेथे पूरक औषध घ्यावे.

उग्रादित्यांच्या ग्रंथात पथ्य आणि औषध शेजारी शेजारी नांदतात. आहार ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे; आणि पहिली पायरी आहे म्हणूनच ती वगळून पुढे जाता येत नाही. ही समतोल दृष्टी घराघरांत जपली गेली, तर संयमाचा वारसा खऱ्या अर्थाने कल्याणकारक ठरेल.