ढिगाऱ्याखालचा झरा

श्रोतेहो, खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्याला इतिहास तो कसला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. इतिहास राजांचा असतो, फार तर किल्ल्यांचा. तेव्हा किल्ल्यापासूनच आरंभ करू. मात्र दिवाळीत मुले अंगणात करतात त्या मातीच्या किल्ल्यापासून. कोरडी माती उभी राहत नाही; थोडे पाणी शिंपडले की बुरूज ताठ होतात; आणि उत्साहाच्या भरात कोणी घागरभर पाणी ओतले की सगळा किल्ला खाली बसून अंगणभर पसरतो. माती उभी राहते ती कणांवर कण घट्ट दाबून बसल्यामुळे. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्याला निघून जाण्यास वाट उरली नाही, की वरचा भार कणांऐवजी पाणी पेलू लागते. पाणी भार पेलते खरे, पण घसरणाऱ्यास धरून ठेवीत नाही. कार्ल टेरझागी या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारदाने १९२० नंतरच्या दशकात हे तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. मुलांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

आता आपण दक्षिण वेल्समध्ये जाऊ. टॅफ नदीच्या अरुंद खोऱ्यात ॲबरफॅन हे खाणकामगारांचे गाव. तळाशी सपाट जागा थोडी. म्हणून मर्थर व्हेल खाणीतली निरुपयोगी दगडमाती पहिल्या महायुद्धाच्या काळापासून गावाच्या डोक्यावरील डोंगरउतारावर नेऊन टाकली जाई. असे एकूण सात ढिगारे झाले. तो डोंगर सच्छिद्र वालुकाश्माचा. पावसाचे पाणी आत मुरावे आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर यावे, हा त्याचा धर्म. १९५८ साली सुरू झालेला सातवा ढिगारा अशा एका झऱ्यावरच रचला गेला. तो १११ फूट उंच झाला. कोळसा धुतल्यावर उरणारा अतिसूक्ष्म गाळही त्यात पडे. हा गाळ पाणी धरून ठेवतो.

येथे कोणी म्हणेल, झरा जमिनीखाली; तो कोणास कसा दिसावा? परंतु तो सरकारी मोजणीखात्याच्या नकाशांवर छापलेला होता! १९३९ च्या डिसेंबरात त्याच खोऱ्यात खाली सिल्फिनिडजवळ एक प्रचंड ढिगारा घसरून रस्ता गाडला गेला. त्यानंतर तेथील खाणकंपनीने ढिगारे का घसरतात याविषयी एक टिपण तयार केले आणि पाण्याच्या धोक्याची जाणीव त्यात स्पष्ट दिली. १९४४ साली खुद्द ॲबरफॅनचा चौथा ढिगारा घसरला. १९६३ साली सातव्याचाच एक भाग घसरला. त्याच वर्षी नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागील गाळाच्या धोक्याविषयी राष्ट्रीय कोळसा मंडळास लिहिले. १९६५ साली शेजारच्या खोऱ्यातील टायमॉर खाणीचा ढिगारा हलला, तेव्हा ते जुने टिपण पुन्हा कार्यालयाकार्यालयांतून फिरले. मग अडले कोठे? ढिगाऱ्यांचे काम यांत्रिक विभागाकडे होते. त्या विभागाची नजर रुळांवर, डब्यांवर आणि यारीवर असे, जमिनीवर नव्हे. माझ्या मते या साऱ्या कथेतील हीच सर्वांत भयंकर गोष्ट होय. ज्ञान होते, फक्त ते बाळगणे हे कोणाचेच काम नव्हते.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. खोऱ्यात दाट धुके होते. सकाळी वर गेलेल्या कामगारांस ढिगाऱ्याचा माथा खचलेला दिसला. टेलिफोनची तार वारंवार चोरीस जात असल्याने एक जण निरोप घेऊन पायीच खाली उतरला. सव्वानऊच्या सुमारास ढिगाऱ्याचा पायथा सुटला आणि भिजलेली दगडमाती एखाद्या द्रवासारखी उतारावरून वाहत येऊन पँटग्लास शाळेवर व लगतच्या घरांवर कोसळली. शाळेत दिवसाचे काम नुकतेच सुरू झाले होते. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती.

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स यांनी प्रथम असे सांगितले की, ढिगाऱ्याखालचा झरा कोणास माहीत नव्हता. ज्या गावातली मुले त्या ओढ्याशी खेळत वाढली, त्या गावास हे ऐकावे लागले. एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायासनापुढे ७६ दिवस काम चालले. अखेरीस अखेरीस रोबेन्स यांनी मंडळाचा दोष कबूल केला. ऑगस्ट १९६७ मधील अहवालाने दोष मंडळाच्याच माथी ठेवला. खटला मात्र कोणावरही झाला नाही.

पुढची गोष्ट सांगताना संकोच वाटतो. गावावर टेकलेले उरलेले ढिगारे हलवावेत, अशी शोकग्रस्त आईबापांची मागणी होती. ते हलविले गेले. पण त्या खर्चापोटी लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी दिलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. ही रक्कम १९९७ साली परत मिळाली, ती व्याजावाचून.

१९६९ साली ब्रिटिश संसदेने ढिगाऱ्यांसाठी कायदा केला; पण त्याचा रोख चालू खाणींवर अधिक होता, आणि पुढे खाणी तर बंद पडत गेल्या. त्यांबरोबर पंप थांबले, माणसे गेली, नाल्या बुजल्या. पाऊस मात्र थांबला नाही. फेब्रुवारी २०२० मधील वादळात टायलर्सटाउनचा डोंगरउतार सुटला आणि सुमारे ६०,००० टन माल नदीपात्रात आला. तेव्हा कोठे वेल्सच्या सरकारने जुन्या ढिगाऱ्यांची शिरगणती नेटाने हाती घेतली. ती अडीच हजारांच्या वर गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वमटिलरी गावात अशाच एका ढिगाऱ्याचा चिखल घरांपर्यंत आला. २०२५ साली वेल्सच्या विधिमंडळाने बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर देखरेख ठेवणारा कायदा संमत केला. ॲबरफॅनमध्ये शाळेच्या जागी आता बाग आहे.